डॉ. मारिया मॉन्टेसरीबाई

इटलींतील कियारावाल्ले गांवीं ३१ ऑगस्ट १८७० रोजीं मारियाबाई कॅथलिक घराण्यांत जन्मल्या व १८९६ सालीं रोम येथें डॉक्टर झाल्या. मंदबुद्धि म्हणून टाकून दिलेलीं मुलेंहि हातांस काम मिळतांच शिकूं लागतात, हें त्यांनीं तेथें पाहिलें. १९०७ च्या ६ जानेवारीस, तीन राजांच्या सणीं, सान लोरेन्झो ह्या मजूरवस्तींत त्यांनीं पहिलें बालगृह उघडलें.

त्यांच्या पद्धतींत आधीं वस्तु निवडून वेगळ्या लावणें, मग मोजणें. तांबड्या-निळ्या १० काठ्या. पहिली १० सेंटिमीटर, शेवटची १ मीटर. पुढें ४५ लांकडी चात्या अंकवार खणांत मोजून ठेवावयाच्या. शून्याचा खण रिकामाच राही. शून्य म्हणजे काय, तें मूल डोळ्यांनीं पाही.

१९३९ सालीं त्या मद्रासेस आल्या व युद्धकाळ त्यांनीं हिंदुस्थानांतच काढला. ६ मे १९५२ रोजीं हॉलंडांत त्या प्रभुचरणीं विसावल्या.

धर्मग्रामांतील मातापित्यांस आमची एवढीच विनंती: लेंकरूं आंकडे घोकीत नाहीं म्हणून त्यास मंद म्हणण्यापूर्वीं त्याच्या हातीं १० चिंचोके द्यावेत, आणि स्वस्थ बसून पाहावें.