बटाट्याचे बेणे आणि डॉ. हॅरॉल्ड मॅन

डॉ. हॅरॉल्ड मॅन १९०७ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. इंग्लंडमधील यॉर्क येथे १८७२ मध्ये जन्मलेले हे रसायनशास्त्रज्ञ त्याआधी सात वर्षे भारतात चहाच्या पिकावर काम करत होते.

पुणे जिल्ह्यातील खेड भागात तेव्हा बटाटा खरीप आणि रब्बी अशा दोन्ही हंगामांत होई. खरी अडचण बेण्याची होती. रब्बीचा बटाटा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघे आणि खरिपाची लावण पाऊस पडल्यावर. मधला उन्हाळा शीतगृहाशिवाय काढायचा. शेतकरी झाडाच्या सावलीत आरण लावत, म्हणजे बटाट्याचा ढीग घालून तो गवत-पाचटाने झाकत. तरी उष्णतेने बटाटा आतून सडे, पतंगाची अळी डोळ्यातून आत शिरे, आणि बांगडी रोग तर बेण्यातूनच पुढच्या पिकात जाई. इटलीहून मुंबईत येणारे बेणेही वापरात होते, पण ते विकत घ्यावे लागे.

डॉ. मॅन यांनी भारतीय सहकाऱ्यांसोबत पश्चिम भारतातील बटाटा लागवडीचा अभ्यास केला. तो १९२० च्या सुमारास प्रसिद्ध झाला. सड, अळी आणि बांगडी ही तीन वेगळी दुखणी आहेत. आजही अनेकजण तिन्हींवर एकच औषध मारतात, ते चालत नाही.

बेणे गेले तर शेतकऱ्याचे काय होते, हेही त्यांना ठाऊक होते. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची त्यांनी घरोघर पाहणी केली. १७७१ मध्ये सरासरी ४० एकर असलेली जमीनधारणा १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती. बहुतेक कुटुंबांचे नुसत्या शेतीवर भागत नव्हते. ही पाहणी १९१७ मध्ये छापली गेली. माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम हेच.

१९२१ ते १९२७ ते मुंबई इलाख्याचे कृषी संचालक होते. पुढे इंग्लंडमध्ये वोबर्न येथील प्रयोगक्षेत्र त्यांनी सांभाळले. १९६१ मध्ये त्यांचे निधन झाले.

बीडमध्ये रब्बी बटाटा लावणाऱ्याने बेणे घेताना चार-दोन बटाटे आडवे कापून पाहावेत. आत तपकिरी कडे दिसले तर तो माल घेऊ नये. शक्यतो ३० ते ४० ग्रॅमचे अखंड बेणे लावावे. विळ्यातून रोग पसरतो. लावणीची घाई नको, ऑक्टोबरची उष्णता सरू द्यावी. मातीची भर नीट द्यावी, उघड्या बटाट्यावर पतंग अंडी घालतो. काढलेला माल रात्री शेतात ठेवू नये.