शिलाई मशीनचा शोध सिंगरने लावलाच नव्हता, मग घराघरात नाव त्याचंच कसं झालं?

एप्रिल २०११ मध्ये ॲपलने सॅमसंगला कोर्टात खेचलं. आरोप साधा होता, आमच्या आयफोनची कॉपी मारली. सॅमसंगनेही उलटे दावे ठोकले. फोनच्या गोल कोपऱ्यांपासून ते स्क्रीनवर बोट कसं फिरवायचं इथपर्यंत सगळ्यावर भांडण झालं. २०१२ मध्ये ज्युरीने सॅमसंगला एक अब्ज डॉलरहून जास्त भरपाई द्यायला सांगितली, मग तो आकडा वरखाली होत राहिला आणि जून २०१८ मध्ये दोघांनी तडजोड केली. सात वर्षं वकिलांची दिवाळी. आणि तोवर इकडे आयफोनवाले आणि अँड्रॉइडवाले कमेंटमध्ये एकमेकांची उणीदुणी काढत बसलेले.

पण हा राडा मोबाईलवाल्यांनी सुरू केलेला नाही. १८५० च्या दशकात अमेरिकेत असाच राडा शिलाई मशीनवरून झाला होता. पेपरवाल्यांनी त्याला चक्क युद्ध म्हटलं. या युद्धातला सगळ्यात गाजलेला भिडू म्हणजे आयझॅक मेरिट सिंगर. तोच सिंगर, ज्याचं नाव आजीच्या काळ्या पायमशीनवर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं असायचं.

आता गंमत अशी की या माणसाला आयुष्यात व्हायचं होतं नट.

सिंगरचा जन्म १८११ चा, न्यूयॉर्क राज्यातला. वडील जर्मनीहून आलेले, गिरण्यांची यंत्रं बसवायचं काम करायचे. आयझॅक दहा वर्षांचा असताना आईवडील वेगळे झाले. बाराव्या वर्षी तो घर सोडून रॉचेस्टरला मोठ्या भावाकडे गेला. तिथे यंत्रांच्या कारखान्यात थोडंफार काम शिकला, पण जीव अडकला नाटकात. उंचापुरा, आवाज दमदार. फिरत्या नाटक कंपन्यांतून गावोगाव हिंडायचा आणि पैसे संपले की पुन्हा कुठल्यातरी कारखान्यात हातोडा धरायचा.

१८३९ मध्ये त्याने खडक फोडायचं एक यंत्र बनवलं आणि त्याचं पेटंट २,००० डॉलरला विकलं. त्या काळात ही रक्कम मोठी होती. दुसऱ्या कुणी जमीन घेतली असती. या गड्याने स्वतःची नाटक कंपनी काढली आणि सगळे पैसे त्यात घातले. कंपनी बुडाली.

त्यानंतर त्याने छपाईसाठी लाकडी अक्षरं कोरायचं यंत्र तयार केलं. न्यूयॉर्कमध्ये ज्या कारखान्यात ते ठेवलं होतं तिथे बॉयलरचा स्फोट झाला आणि यंत्र गेलं. जॉर्ज झीबर नावाच्या एका पुस्तकविक्रेत्याला या यंत्रावर विश्वास होता. त्याने सिंगरला पैसे दिले, दोघे नवीन यंत्र घेऊन बोस्टनला आले आणि ऑर्सन फेल्प्स नावाच्या माणसाच्या कारखान्यात त्यांनी जागा भाड्याने घेतली. अक्षरं कोरायचं यंत्र बघायला गिऱ्हाईक काही फिरकेना.

फेल्प्सच्या कारखान्यात तेव्हा शिलाई मशीन बनायची. ती सारखी बिघडायची, विकलेली परत दुरुस्तीला यायची. वैतागलेल्या फेल्प्सने सिंगरला म्हटलं, बघ याचं काही करता येतं का. सिंगरला आधी त्यात काडीचा रस नव्हता. बायकांना गप्प बसवणारी शिवण ही एकच गोष्ट आहे, तीच कशाला काढून घेता, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलल्याचं सांगितलं जातं. पण खिशात पैसे नव्हते. झीबरने ४० डॉलर काढून दिले आणि १८५० मध्ये काम सुरू झालं.

११ दिवसांत मशीन उभं राहिलं. शेवटच्या रात्री चालवून बघितलं तर टाके नुसते सैल, कापडावर दोऱ्याची वेटोळी. कामगार कंटाळून घरी गेले. सिंगर आणि झीबर उदास होऊन परत निघाले, वाटेत फळ्यांच्या ढिगावर बसले, तेव्हा दोऱ्याचा ताण जुळवायचाच राहिला हे सिंगरच्या लक्षात आलं. दोघे मध्यरात्री मागे फिरले, एक स्क्रू फिरवला आणि टीप सरळ पडली. निदान हा किस्सा असा सांगितला जातो.

या मशीनमध्ये नवीन काय होतं? आधीच्या एका प्रसिद्ध मशीनमध्ये कापड उभं, टाचण्यांवर अडकवावं लागायचं आणि वाकडी सुई आडवी चालायची. थोडं शिवलं की थांबा, कापड काढा, पुन्हा अडकवा. सिंगरच्या मशीनमध्ये कापड आडव्या पाटावर सपाट राहायचं, सरळ सुई वरून खाली यायची, कापड दाबून धरायची सोय होती आणि कापड आपोआप पुढे सरकायचं. त्यामुळे लांबच लांब शिवण मारता यायची, वळणंही घेता यायची. पुढे पायाने चालवायचं पायडल आलं आणि दोन्ही हात मोकळे झाले. आजही टेलरच्या दुकानात बघा, मांडणी जवळपास हीच आहे. १२ ऑगस्ट १८५१ ला त्याला पेटंट मिळालं.

आणि लगेच दारात एक माणूस उभा राहिला. एलियास होवे.

टोकाला नेढं असलेली सुई आणि खालून दुसरा दोरा घेऊन येणारा धोटा, या दोघांनी मिळून घातलेला पक्का टाका. या गोष्टीचं पेटंट होवेने १० सप्टेंबर १८४६ लाच घेतलं होतं. पण मशीन कुणी विकत घेईना. तो नशीब काढायला इंग्लंडला गेला, तिथेही फसला. परतीच्या प्रवासासाठी त्याला आपलं मशीन आणि पेटंटची कागदपत्रं गहाण टाकावी लागली. अमेरिकेत आला तेव्हा बायको क्षयाने मरणाला टेकली होती. तिच्या अंत्यविधीला तो उसने कपडे घालून उभा होता असं म्हणतात. आणि बाजारात बघतो तर काय, त्याचीच सुई आणि त्याचाच टाका वापरून लोक धडाधड मशीन विकतायत.

होवेने सिंगरकडे पैसे मागितले. सिंगरने त्याला जिन्यावरून ढकलून द्यायची धमकी दिली. मग होवे कोर्टात गेला.

सिंगरच्या बाजूने लढायला आला एडवर्ड क्लार्क. हा वकील. फीऐवजी त्याने धंद्यातला हिस्सा मागितला, कारण सिंगरकडे द्यायला रोकड नव्हतीच. सिंगरने जुने भागीदारही बाजूला सारले. फेल्प्सला ४,००० डॉलरवर वाटेला लावलं. झीबरचं प्रकरण तर वाईटच. तो आजारी पडून अंथरुणाला खिळलेला असताना, तू काही वाचत नाहीस असं डॉक्टरांचं मत आहे, असं सिंगरने त्याला भासवलं आणि ६,००० डॉलरमध्ये त्याचा हिस्सा लिहून घेतला. झीबर बरा झाला. पण हिस्सा परत मिळाला नाही, आणि पुढे कंपनी लाखोंत खेळू लागली ती त्याने बाहेरूनच बघितली.

होवेला हरवायचं तर त्याच्याआधी कुणीतरी हेच केलं होतं हे दाखवणं भाग होतं. म्हणून सिंगर आणि क्लार्कने वॉल्टर हंटला शोधून काढलं. न्यूयॉर्कचा हा साधा माणूस, डोक्यात सतत काहीतरी नवीन. आपण वापरतो ती सेफ्टी पिन त्याचीच, तिचे हक्क त्याने फक्त ४०० डॉलरला विकून टाकले होते. या हंटने १८३० च्या दशकातच नेढ्याची सुई आणि धोटा असलेलं मशीन बनवलं होतं. पण शिवणकाम करून पोट भरणाऱ्या गरीब बायकांचं काय होईल, असा प्रश्न त्याच्या मुलीने विचारला आणि विषय तिथेच राहिला. पेटंट काही घेतलं नाही.

ही भीती हवेतली नव्हती. १८३१ मध्ये पॅरिसच्या शिंप्यांनी बार्तेलेमी तिमोनिए नावाच्या माणसाच्या कारखान्यात घुसून त्याची शिलाई मशीन फोडून टाकली होती.

हंटने आधी शोध लावला हे मान्य झालं, पण इतकी वर्षं पेटंटसाठी अर्जच केला नाही म्हणून हक्क गेला. १८५४ मध्ये कोर्टाचा कौल होवेच्या बाजूने लागला. सिंगरने १५,००० डॉलर दिले आणि पुढच्या प्रत्येक मशीनवर रॉयल्टी कबूल केली. ज्याला जिन्यावरून ढकलणार होता, त्यालाच आता टोल भरायचा.

तरी भांडण संपलं नाही. कारण मशीन चालवायला जे जे लागतं ते सगळं एकाच्या हातात नव्हतंच. टाका होवेचा. कापड सरकवायची एक उत्तम पद्धत व्हीलर अँड विल्सन कंपनीची. ग्रोव्हर अँड बेकरकडे वेगळीच पेटंट. सिंगरने स्वतःची आणि दुसऱ्यांकडून विकत घेतलेली पेटंट धरून ठेवलेली. दुसऱ्याचं पेटंट मोडल्याशिवाय कुणालाच चांगलं मशीन बनवता येत नव्हतं, त्यामुळे प्रत्येकाने प्रत्येकावर केस टाकलेली.

१८५६ मध्ये ही सगळी मंडळी खटल्यांसाठी आल्बनीत जमली होती. ग्रोव्हर अँड बेकरचा अध्यक्ष ऑर्लँडो पॉटर, तोही वकीलच. त्याने हॉटेलात सगळ्यांना समजावलं की आपण असेच लढलो तर नफा आपले वकीलच खाणार. त्यापेक्षा पेटंट एकत्र टाकू. असं ९ पेटंटचं एक गाठोडं तयार झालं. ज्याला मशीन बनवायचं त्याने एका मशीनमागे १५ डॉलर भरायचे, त्यातले ५ होवेला. होवेची अट एवढीच, किमान २४ उत्पादकांना परवाना मिळाला पाहिजे. अमेरिकेतला हा पहिला पेटंट पूल मानला जातो. आज मोबाईल नेटवर्कच्या किंवा व्हिडिओच्या तंत्रासाठी कंपन्या पेटंट एकत्र ठेवतात, त्याचा पूर्वज हाच. होवे यातून श्रीमंत झाला. हंटला क्लार्कने १८५८ मध्ये ५०,००० डॉलर हप्त्यांनी द्यायचं कबूल केलं, पण पुढच्याच वर्षी तो वारला.

एक गोष्ट मात्र विसरायला नको. या तडजोडीत गिऱ्हाईक कुठेच नव्हतं. शेवटचं पेटंट १८७७ मध्ये संपेपर्यंत प्रत्येक मशीनच्या किमतीत हा टोल होताच.

आता तंत्र सगळ्यांकडे सारखंच. मग लोकांनी सिंगरच का घ्यावं? इथे क्लार्कचं डोकं चाललं. मशीनची किंमत १०० डॉलरच्या वर, आणि सामान्य कुटुंबाची वर्षाची कमाई ५०० च्या आसपास. १८५६ मध्ये त्याने हप्त्यावर मशीन द्यायला सुरुवात केली. ५ डॉलर भरा, मशीन घरी न्या, बाकीचे महिन्याला थोडे थोडे. आजचं ईएमआय. शिवाय एक्स्चेंज ऑफरही काढली. कुठल्याही कंपनीचं जुनं मशीन आणा, ५० डॉलर सूट घ्या. आलेली जुनी मशीन तो मोडीत काढायचा, म्हणजे सेकंडहँड बाजारच उभा राहणार नाही. पाद्र्यांच्या घरच्यांना अर्ध्या किमतीत मशीन, कारण पाद्र्याच्या बायकोने घेतलं की सगळी वस्ती बघायला येणार. आजच्या भाषेत इन्फ्लुएन्सर मार्केटिंग.

सिंगरमधला नट इथे कामी आला. जत्रेत, सर्कशीत जाऊन तो मशीनचे खेळ करून दाखवायचा. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर झगमगीत शोरूम थाटलं, तिथे तरुण मुली मशीन चालवून दाखवायच्या. बाईला यंत्र जमत नाही, असं मानणाऱ्या काळात ही जाहिरात भारी ठरली. १८५३ मध्ये कंपनीने ८१० मशीन विकली होती. १८७६ मध्ये आकडा २,६२,३१६ वर गेला. शिकवायला, दुरुस्तीला कंपनीचा माणूस घरी यायचा, त्यामुळे एकदा सिंगर घेतलेलं घर सहसा दुसरीकडे जात नसे.

पैसा आला आणि सिंगर सुटला. ३१ माणसं बसतील अशी, ९ घोड्यांची पिवळी बग्गी त्याने बनवून घेतली. आणि हो, तिचंही पेटंट काढलं.

घरचा मामला मात्र कुठल्याच कोर्टाला सोपा नव्हता. १८३० मध्ये कॅथरीन हेलीशी लग्न, दोन मुलं. पुढे मेरी ॲन स्पॉन्स्लरसोबत संसार, दहा मुलं, पण लग्न नाही. ही मेरी ॲन नाटकात त्याच्यासोबत राबली, हलाखीत राहिली, लोक तिला मिसेस सिंगर म्हणूनच ओळखायचे. १८६० मध्ये त्याने कॅथरीनशी घटस्फोट घेतला, तरी मेरी ॲनशी लग्न केलं नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर बग्गीतून जाताना तिला समोरच्या बग्गीत सिंगर दिसला, शेजारी मेरी मॅकगोनिगल. तिच्यापासून त्याला पाच मुलं होती. मेरी ॲनने भर रस्त्यात आरडाओरडा केला, घरी त्याने तिला मारहाण केली, तिने पोलिसांत तक्रार केली. त्यातून मेरी वॉल्टर्स नावाची आणखी एक बाई आणि तिची मुलगी समोर आली. सिंगर युरोपला पळाला.

क्लार्कला घाम फुटला. घरातल्या गृहिणींना मशीन विकायची आणि कंपनीच्या नावाचा माणूस असा. १८६३ मध्ये भागीदारी मोडून सिंगर मॅन्युफॅक्चरिंग कंपनी झाली. अट अशी की सिंगर आणि क्लार्क दोघांपैकी एक जिवंत असेपर्यंत दुसऱ्याने अध्यक्ष व्हायचं नाही. शेअर मात्र दोघांकडे. (न्यूयॉर्कची डकोटा इमारत, जिच्या दारात १९८० मध्ये जॉन लेननला गोळ्या घातल्या, ती याच क्लार्कने बांधायला घेतली होती.)

त्याच वर्षी सिंगरने इझाबेला बॉयरशी लग्न केलं, सहा मुलं झाली. एकूण मुलं २४. उरलेलं आयुष्य पॅरिस आणि मग इंग्लंडमधल्या पेंटनला गेलं. तिथे तो प्रचंड वाडा बांधत होता, त्यात नाटकाचं थिएटरही होतं. वाडा पूर्ण व्हायच्या आत, २३ जुलै १८७५ ला तो गेला. मागे सुमारे १.४ कोटी डॉलरची संपत्ती. मेरी ॲन कोर्टात गेली, पण कायदेशीर विधवा इझाबेलाच ठरली.

तोवर मशीन जगभर निघाली होती. भारतात सिंगरचा कारभार मुंबईच्या नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी एजंटने अनेक वर्षं सांभाळला. साडी आणि धोतर नेसणाऱ्या देशात शिलाई मशीन कोण घेणार, अशी शंका होती. घेतली ती शिंप्यांनी. दुकानाच्या ओट्यावर सिंगर ठेवलं की धंदा सुरू. पुढे बाजारात उषा आली, मेरिट आली. 'मेरिट' हे सिंगरचं मधलं नाव.

यंत्रांना विरोध करणाऱ्या महात्मा गांधींनीही या मशीनला सूट दिली होती. १९२४ मध्ये जी. रामचंद्रन या शांतिनिकेतनच्या विद्यार्थ्याशी बोलताना त्यांनी सिंगरच्या शिलाई मशीनचं उदाहरण दिलं. सिंगरने आपल्या बायकोला हाताने शिवताना कष्टताना पाहिलं आणि तिच्यावरच्या प्रेमापोटी हे मशीन बनवलं, अशी गोष्ट त्यांनी सांगितली.

१८५० मध्ये बोस्टनला ते ११ दिवस चालू होते तेव्हा कागदोपत्री सिंगरची बायको कॅथरीन होती, संसार मेरी ॲनसोबत होता, आणि खर्चाचे ४० डॉलर झीबरचे होते.