मुळीचा हिशोब मांडणारे डॉ. वकील

सेमाडोहच्या निसर्ग शिबिरात एखादी रात्र काढली असेल, तर सिपनाकाठी वनौषधींच्या गप्पा तुम्ही ऐकल्या असतीलच. अमुक पाला तापावर, तमुक मुळी पोटदुखीवर. आपण मान हलवतो आणि परतवाड्याला पोचेपर्यंत विसरतो. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी अशीच एक मुळी मनावर घेतली.

जन्म १९११ चा, मुंबईतल्या पारशी घरातला. शिक्षण लंडनला, मग मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात हृदयरोग्यांवर उपचार. तेव्हा बीपी वाढलं तर डॉक्टरांच्या हातात फार काही नव्हतं. मीठ कमी, आराम, झोपेचं औषध, बस्स. आणि हे बीपी मोठं लबाड बरं का. दुखत नाही, खुपत नाही, गुपचूप हृदयाच्या रक्तवाहिन्या खराब करत राहतं.

आपल्याकडे सर्पगंधा होती. उत्तरेत तिचं नावच पागल की दवा. तिने बीपी उतरतं, असं कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी १९३१ मध्येच छापलं होतं; देशाबाहेर कोणी फारसं लक्ष दिलं नाही. वकिलांनी ५० रुग्णांना या मुळीच्या गोळ्या दिल्या आणि आधीचं-नंतरचं बीपी आकड्यांत मांडलं. बहुतेकांचं उतरलं होतं. १९४९ मध्ये हे ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आलं आणि बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी तिकडे चाचण्या सुरू केल्या. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत मुळीतून रेसरपीन वेगळं निघालं. वकिलांना १९५७ चं लास्कर पारितोषिक मिळालं, पुढच्या वर्षी पद्मभूषण.

पण सगळं गोड नव्हतं. या औषधाने काही रुग्ण खोल नैराश्यात गेले. शिवाय आकडा उतरला म्हणजे जीव वाचला का, हा प्रश्न उरलाच होता. मला तर तोच खरा प्रश्न वाटतो. त्याचं उत्तर अमेरिकेत १९६७ मध्ये मिळालं. बीपी फार वाढलेल्या १४३ माजी सैनिकांपैकी निम्म्यांना रेसरपीन असलेलं मिश्र औषध दिलं, निम्म्यांना नकली गोळ्या. औषधवाल्यांवर जिवावरचे प्रसंग कितीतरी कमी आले. वकील तेव्हा हयात होते. १९७४ मध्ये ते गेले.

या मुळीला जगभरातून इतकी मागणी आली, की जंगलंच्या जंगलं खणली गेली आणि सर्पगंधा दुर्मीळ झाली. कुठल्या शिबिरात दिसलीच, तर फोटो काढा. मूळ उपटलं की झाड गेलं.