लोखंडाच्या शाळेतील विद्यार्थी : लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. शालेय अभ्यासात त्यांचे मन फारसे रमले नाही. त्यांना ओढ होती ती चित्रकलेची व यंत्रांची. चित्रकार होण्याच्या उमेदीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही रंगांतील भेद आपल्या डोळ्यांना उमगत नाही, असे तेथे ध्यानी आले आणि ती वाट खुंटली. रंग दुरावले तरी रेषा हाती होती. त्यांनी यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास केला आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले. पुढे हक्काची बढती डावलली जाताच नोकरीचा त्याग करून ते बेळगावास परतले.

तेथे बंधू रामूअण्णांच्या साथीने त्यांचे सायकलींचे दुकान चालले होते. त्यातून उभ्या राहिलेल्या छोट्या कारखान्यात गुरू कोणी नव्हता. ग्रंथ वाचावेत, यंत्रे जोडावीत, चालवून पाहावीत आणि चुकले तेथे पुन्हा उलगडावीत, हाच त्यांचा अभ्यासक्रम होता. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले. १९०३ मध्ये लोखंडी नांगर आला. मात्र लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. वस्तू घडविणे ही अर्धीच विद्या असून ती वापरणाऱ्याचा विश्वास संपादन करणे ही उरलेली अर्धी, हा धडा त्यांना या काळाने दिला.

अशातच बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा रिकामी करावयास लावली. त्या अडचणीच्या वेळी औंध संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जमीन व कर्ज देऊ केले. १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकालगतच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. पुढे त्या रेल्वे स्थानकानेही तेच नाव धारण केले. याच वाडीतून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघू लागली. तिचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि मराठी वाचनालयांतून ते आवडीने वाचले गेले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. ज्ञान पुस्तकातून घ्यावे, परंतु त्याची परीक्षा हातांनी द्यावी, हा त्यांच्या चरित्राचा बोध ग्रंथांच्या सहवासात वावरणाऱ्या वाचकांनी विशेष जपावा असा आहे.