कायद्याचा हिशेब मांडणारा न्यायाधीश

पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजाराच्या गावी १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या घरा-दुकानांवर चालून गेला. त्यांचा मुख्य रोख होता तो कर्जरोख्यांवर. हाती पडतील ते रोखे जाळण्यात आले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलेल्या या उद्रेकाची इतिहासाने 'दख्खनचे दंगे' अशी नोंद केली. महादेव गोविंद रानडे त्या वेळी पुण्यातच न्यायाधीश होते.

१८ जानेवारी १८४२ रोजी निफाड येथे जन्मलेले रानडे मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक. १८६६ मध्ये ते कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि १८७१ मध्ये पुण्याच्या न्यायासनावर आले. सार्वजनिक सभेच्या कार्यात त्यांनी शेतसारा आणि शेतकऱ्यांचे कर्ज यांचा बारकाईने अभ्यास केला. चांगल्या हेतूने केलेला कायदाही उलटा परिणाम कसा घडवतो, याचे उदाहरण त्यांच्या काळात डोळ्यांसमोरच होते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याची मुदत ३ वर्षांवर आणली. ऋणकोचे रक्षण हा त्यामागील हेतू. प्रत्यक्षात मात्र मुदत संपण्याआधीच सावकार नवा रोखा लिहून घेऊ लागले. थकलेले व्याज मुद्दलात मिसळले आणि कर्ज फुगत गेले.

दंग्यांनंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. रोख्यावरील आकडा प्रमाण न मानता मूळ व्यवहारापासून हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. कर्जापायी शेतकऱ्याला अटक करणे थांबले. स्पष्टपणे गहाण न ठेवलेली जमीन कर्जवसुलीसाठी विकण्यास प्रतिबंध झाला. या कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करण्याचे काम रानडे यांच्याकडे आले. प्रथम साहाय्यक आणि १८८७ पासून विशेष न्यायाधीश या नात्याने त्यांनी गावोगावी फिरून कनिष्ठ न्यायालयांचे काम तपासले.

या कायद्याचे महत्त्व ते जाणून होते, तशीच त्याची मर्यादाही. सावकाराचे हात बांधले, तरी बियाणे, बैल आणि सारा यांसाठी लागणारा पैसा शेतकऱ्याने आणायचा कोठून? स्वस्त कर्जाची पर्यायी व्यवस्था उभी राहिल्याखेरीज केवळ निर्बंध पुरेसे नाहीत, असे त्यांचे मत होते. विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली होती. लंडनहून ती नामंजूर झाली. १८९१ मध्ये रानडे यांनी युरोपातील पतसंस्थांचे दाखले देऊन कृषिपतपुरवठ्याच्या पुनर्रचनेचा आग्रह धरला. पुढच्याच वर्षी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात त्यांनी इंग्रजी अर्थशास्त्राचे सिद्धांत जसेच्या तसे भारताला लावण्यास आक्षेप घेतला. खुल्या कराराचे तत्त्व दोन्ही पक्षांना सारखेच बळ असल्याचे गृहीत धरते. दख्खनमधील कर्जबाजारी कुणबी आणि सावकार यांच्यात ती बरोबरी नव्हती.

१८९३ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ मध्ये, म्हणजे त्यांच्या पश्चात, अस्तित्वात आला. कर्जाच्या ओझ्यातून शेतकऱ्याची सुटका करताना उद्याच्या पेरणीसाठी त्याला पैसा कोण देणार, हा रानडे यांचा प्रश्न कर्जमाफीच्या प्रत्येक चर्चेत आजही तितकाच लागू पडतो.