हिरवी झाडं फोटोत पांढरीशुभ्र करणारे रॉबर्ट वुड कोण होते?

पांढरीशुभ्र झाडं, वर काळंकुट्ट आकाश, आणि वेळ मात्र भर दुपारची. असे इन्फ्रारेड फोटो तुम्ही इन्स्टाग्रामवर पाहिले असतील. एडिटिंगची कमाल वाटते, पण हा प्रकार फोटोशॉपच्याही ८० वर्षं आधीचा आहे. १९१० मध्ये रॉबर्ट विल्यम्स वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने तो जगाला दाखवला.

वुड यांचा जन्म १८६८ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या काँकॉर्डचा. हार्वर्डमध्ये केमिस्ट्री शिकले, नाव काढलं प्रकाशाच्या अभ्यासात. १९०१ पासून ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राध्यापक होते.

डोळ्यांवर किती भरवसा ठेवायचा, हे त्यांना लवकरच कळलं होतं. फ्रान्समधल्या नान्सीचे ब्लाँडलो यांनी ‘एन-किरण’ शोधल्याचा दावा केला होता. पुरावा काय, तर अंधारात दिसणारी अंधुक चमक. १९०४ मध्ये वुड तिथे गेले आणि प्रयोग सुरू असताना अंधारात गुपचूप यंत्रातला प्रिझम काढून घेतला. तरी ब्लाँडलो यांना आधीसारखंच सगळं दिसत राहिलं! ते लबाड नव्हते, त्यांच्या डोळ्यांनीच त्यांना फसवलं होतं. वुड यांनी हे ‘नेचर’मध्ये छापलं आणि एन-किरणांचा निकाल लागला.

मग डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात जग कसं दिसत असेल? ते पाहायचं तर आधी दिसणारा प्रकाश अडवायला हवा. वुड यांनी त्यासाठी मस्त जुगाड केला. गडद निळी कोबाल्ट काच घेतली. ती निळा प्रकाश सोडते आणि लाल रंगाच्या अगदी टोकाचाही; मधलं बहुतेक अडवते. तिच्या जोडीला पोटॅशियम डायक्रोमेटचं नारिंगी द्रावण ठेवलं, ते निळा अडवतं. दोन्हींतून पार होतं ते फक्त लालच्या टोकाचं आणि त्यापलीकडचं. फार पलीकडचं त्यांच्या फोटोप्लेटवर उमटतच नव्हतं. म्हणजे हाती राहिला एक अरुंद पट्टा. असा ठराविक पट्टाच सोडणाऱ्या फिल्टरला आज बँडपास फिल्टर म्हणतात.

एका फोटोला काही मिनिटं लागायची, त्यामुळे माणसांपेक्षा निसर्गदृश्यंच सोयीची. पानातलं हरितद्रव्य लाल प्रकाश शोषतं, पण इन्फ्रारेडला जवळपास हात लावत नाही. तो पानाच्या आत पेशींवर आपटत बाहेर पडतो, म्हणून पान पांढरं. हवेत निळ्यापेक्षा इन्फ्रारेड फारच कमी विखुरतो, म्हणून आकाश काळं. याला ‘वुड इफेक्ट’ म्हणतात. लाकडाशी काही संबंध नाही!

दुसऱ्या टोकालाही त्यांनी हेच केलं. दिसणारा प्रकाश अडवून अतिनील सोडणारी काळपट ‘वुड्स ग्लास’ पहिल्या महायुद्धात गुप्त संदेशांसाठी वापरली गेली. कोड किंवा बुरशीसंसर्ग तपासताना त्वचारोगतज्ज्ञ जो जांभळा दिवा धरतात, तो ‘वुड्स लॅम्प’ याच काचेतून आला.

आपल्याशीही त्यांचा एक धागा जुळतो. १९२८ मध्ये सी. व्ही. रामन यांनी, फिल्टर वापरूनच, प्रकाश विखुरताना रंग बदलतो हे दाखवलं. तो निष्कर्ष पडताळून बरोबर असल्याचं लगेच जाहीर करणाऱ्यांत वुड होते. रामन यांना १९३० मध्ये नोबेल मिळालं. वुड यांना ते कधीच मिळालं नाही. १९५५ मध्ये ते गेले.

आता टीव्हीचा रिमोट मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बऱ्याच फोनमध्ये जांभळट ठिपका चमकेल. तोच रिमोट मागच्या कॅमेऱ्यासमोर धरलात, तर ठिपका बहुधा फिका पडेल किंवा दिसणारच नाही. तिथे इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर सहसा जास्त कडक असतो.