इपोलित बायार : स्वतःच्या मृत्यूचा चित्रकार

इपोलित बायार यांचा जन्म १८०१ मध्ये फ्रान्समध्ये झाला. पॅरिस येथील अर्थमंत्रालयात नोकरी करीत असतानाच प्रकाशाच्या साहाय्याने चित्र उमटविण्याच्या प्रयोगांत ते गढून गेले.

१८३९ च्या जानेवारीत दागेर यांच्या शोधाची वार्ता जाहीर झाली. दागेर यांचे चित्र चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटे. बायार यांची रीत निराळी होती. चांदीच्या क्षाराचा लेप दिलेला कागद ते प्रथम उजेडात काळा करीत, पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात भिजवीत आणि मग कॅमेऱ्यात ठेवीत. प्रकाश पडे तेथे कागद उजळे व सुलटे चित्र थेट कागदावरच मिळे. २४ जून १८३९ रोजी त्यांनी अशी ३० चित्रे प्रदर्शनात मांडली. त्या वेळी दागेर यांची कृती जगाला अद्याप अज्ञातच होती.

तथापि विज्ञान अकादमीतील वजनदार शास्त्रज्ञ आरागो हे दागेर यांचे पुरस्कर्ते होते. बायार यांनी तूर्त थांबावे, असे त्यांनी सुचविले. दागेर यांना वार्षिक ६,००० फ्रँकचे आजन्म वेतन मिळाले. बायार यांच्या वाट्याला उपकरणांसाठी केवळ ६०० फ्रँक आले.

ऑक्टोबर १८४० मध्ये बायार यांनी आपल्या गाऱ्हाण्याला चित्ररूप दिले. उघडे अंग, कमरेला वस्त्र, मिटलेले डोळे आणि शेजारी गवती टोपी, अशा रूपात त्यांनी स्वतःला बुडून मेलेला मनुष्य म्हणून चित्रित केले. चित्राच्या पाठीवर त्यांनी मजकूर लिहिला. हा मजकूर तृतीय पुरुषी आहे. सरकारने उपेक्षा केल्यामुळे या दुर्दैवी माणसाने जीव दिला, शवागारात कोणी त्याची ओळखही पटविली नाही, असे त्यात सांगितले असून, चेहऱ्यावरील व हातांवरील काळेपणा कुजण्याचा आहे, असा उपरोधही साधला आहे.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे थांबावेसे वाटते. मिटलेले डोळे निद्रेचेही असू शकतात. त्यांना मृत्यूचा अर्थ येतो तो पाठीवरच्या शब्दांमुळे. तुकोबांनीही एका अभंगात स्वतःचे मरण पाहिले, परंतु तेथे अहंकार गळाल्याचा आनंद आहे. बायार यांना मात्र आपले नाव पुसले जाण्याचे दुःख आहे. चित्रातील मृत्यू खोटा, पण त्यामागील अन्यायाची जाणीव खरी. यंत्राची साक्ष निर्विवाद असते, हा समज रुजत असतानाच एका आद्य छायाचित्रकाराने त्याच यंत्राकडून कल्पित कथा वदवून घेतली.

बायार पुढे पुष्कळ जगले. १८५१ मध्ये ऐतिहासिक वास्तूंच्या चित्रणासाठी सरकारने निवडलेल्या पाच छायाचित्रकारांत ते होते. १८५४ मध्ये स्थापन झालेल्या फ्रेंच छायाचित्रण संस्थेचे ते संस्थापक-सदस्य होते. १८८७ मध्ये नमूर येथे त्यांचे निधन झाले. खरा मृत्यू आला तो कल्पित मृत्यूनंतर सुमारे ४७ वर्षांनी. लोकांच्या स्मरणात मात्र तो पहिलाच राहिला आहे.